वाघ गेले, झुला राहिला

चार इमलीत जोडीने बाहेर पडण्याचे प्रसंग ठरलेले असतात. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचा निरोपसमारंभ, क्वचित राज्यपालांकडचा चहा. तिथे आम्ही नवरा-बायको म्हणून जात नाही, खातं म्हणून जातो. जलसंपदा आली, वित्त आलं, गृह अजून यायचंय. बायकांनी कुणी कुठे बसायचं हेसुद्धा नवऱ्यांच्या पदांवरून आपोआप ठरतं. भोपाळच्या या वस्तीत मंत्री आणि बडे अधिकारी राहतात. बंगल्यांवरच्या पाट्या बदल्यांच्या मोसमात बदलतात, झाडं तेवढी कायम. एकांत पार्कातल्या फेऱ्या संपल्या की रस्त्यावर उरतात ते पहारेकरी आणि कुत्री.

त्यामुळे सर्कस बघायला जाऊ या, असं मी म्हटलं तेव्हा आमचे हे चष्म्यावरून बघतच राहिले.

"मुलं कुठायत?"

मुलं आता तिशीला आलीत. एक पुण्यात, एक बंगळुरात. सर्कशीला जायला मूल हाताशी लागतं, ही समजूत इतकी पक्की आहे की मोठ्या माणसाने एकट्याने फुगा विकत घेतला तर लोक जसे बघतील तसे हे बघत होते. मग दुसरी हरकत आली, आणि ती जास्त खरी होती.

"आता वाघ नसतात त्यात. बघायचं काय?"

यांचं लहानपण भोपाळचं, आजोळ नागपूरचं. १९५६ साली मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली आणि नागपूरच्या सचिवालयातली पुष्कळ मराठी कुटुंबं फायलींबरोबर इकडे आली, त्यांत माझे सासरे होते. सुट्टीत आजोळी गेलं की सर्कस व्हायची, आणि सर्कस म्हणजे वाघ. माझं माहेर मिरज. आमच्याकडे सर्कस म्हणजे आधी छत्रे, मग बाकी सगळं. तेव्हा वाद घरातच मिटणारा नव्हता. शनिवारी सातच्या खेळाला निघालो. ड्रायव्हरला सुट्टी दिली, स्वतःची जुनी गाडी काढली आणि बोर्ड ऑफिसच्या चौकातून चेतक पुलावरून भेलच्या दसरा मैदानाकडे वळलो.

तंबूत शिरल्याशिरल्या यांनी बाहेर पडायच्या वाटा मोजल्या. इंजिनियर माणूस, शिवाय ७ फेब्रुवारी १९८१ ची बातमी लक्षात असलेला. त्या दिवशी बंगळुरात व्हीनस सर्कशीचा तंबू पेटला आणि नव्वदच्या वर माणसं गेली. त्यांत मुलंच जास्त होती. आमच्या तंबूच्या कनाती चारही बाजूंनी वर गुंडाळलेल्या होत्या, वाळूच्या बादल्या जागेवर होत्या, तेव्हा ते बसायला तयार झाले. पाय सवयीने पुढच्या सोफ्यांकडे वळत होते. मी बाजूच्या खुर्च्या घेतल्या.

गर्दी भेलमधल्या कामगारांची, गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यांतली, थोडी कॉलेजातली. मुलं होती, पण मला दिसल्या त्या जोड्या. नव्याने लग्न झालेल्या, मेंदी न उतरलेल्या, एका कागदातले दाणे दोघांत खाणाऱ्या. आमच्या वेळी सिनेमाला जायचं तर सासूबाईंना विचारावं लागे आणि सर्कशीला सासूबाईच बरोबर येत. पण अंधार तोच असायचा. सगळ्यांच्या माना वर झाल्या की शेजारचा हात कुणाच्या हातात आहे हे कुणी बघत नसे.

मध्ये रिंगण. सर्कशीचं रिंगण जगभर साधारण सारखं असतं, ४२ फूट व्यासाचं. हे माप घोड्याने ठरवलं. लंडनमध्ये १७६८ साली फिलिप अॅस्टली नावाच्या घोडदळातल्या माणसाने गोलात घोडा पळवत त्याच्या पाठीवर उभं राहून दाखवायला सुरुवात केली. गोलात पळणारा घोडा आतल्या अंगाला झुकतो, वरचा माणूसही झुकतो, आणि सरळ रस्त्यावर साधणार नाही तो तोल तिथे साधतो. गोल फार लहान केला तर घोड्याला पळता येत नाही, फार मोठा केला तर त्या झुकण्याचा आधार मिळत नाही. आज बहुतेक तंबूंत घोडा नाही, पण त्याच्या पळण्याने आखलेला गोल तसाच आहे.

अॅस्टलीच्या गोष्टीतला एक भाग लोक गाळतात. तो एकटा नव्हता. त्याची बायको पॅटी सुरुवातीला बाहेर ढोल वाजवून गिऱ्हाईक गोळा करी, मग स्वतःही घोड्यावर चढे. हातांवर मधमाश्यांचं मोहोळ बसवून, लोकरीचे हातमोजे घातल्यासारखी, ती रिंगणात घोडा फिरवी. म्हणजे ज्याला आज आपण सर्कस म्हणतो तो धंदा एका नवरा-बायकोने उघडला. सिंह-वाघ नंतर आले. ते इतक्या लवकर जातील असं कुणाला वाटलं नव्हतं, हे खरं, पण पाहुणे ते पहिल्यापासून होते.

आता छत्रे. विष्णुपंत मोरेश्वर छत्रे मूळचे कृष्णाकाठच्या अंकलखोपचे. घोड्यांचं वेड आणि गाण्याचं वेड, दोन्ही सारख्याच जोराची. गाणं शिकायला ते ग्वाल्हेरला हद्दू खाँसाहेबांकडे गेले, घोडे शिकवायचं काम कुरुंदवाडच्या संस्थानिक पटवर्धनांकडे केलं. १८७९ च्या सुमारास जुझेप्पे कियारिनी या इटालियन माणसाची सर्कस मुंबईत आली. पटवर्धनांबरोबर छत्रे खेळाला गेले. त्या रात्री काय बोलणं झालं याच्या आमच्याकडे अनेक आवृत्त्या आहेत, पैजेची रक्कम प्रत्येक आवृत्तीत वाढते. पण गाभा एक: हिंदुस्थानी माणसाला असली सर्कस काढायला अजून पुष्कळ वर्षं लागतील, असं कियारिनी म्हणाला आणि छत्र्यांना ते लागलं. 'ग्रेट इंडियन सर्कस'चा पहिला खेळ २० मार्च १८८० ला झाल्याचं नोंदलं जातं. पुष्कळ वर्षं कुठली, थोडे महिने लागले.

त्या खेळात छत्रे घोड्यावर होते आणि त्यांची बायको झुल्यावर. १८८० साली. पुण्यात स्त्रीशिक्षणावर वाद चालू होते, रखमाबाईंचा खटला उभा राहायला अजून काही वर्षं होती, आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या एका ब्राह्मण घरची सून चारचौघांत दोरीला लटकत होती, जनावरांनाही शिकवत होती. भारतीय सर्कशीवर लिहिलेल्या इंग्रजी टिपणांत ती बहुतेक ठिकाणी 'छत्र्यांची पत्नी' एवढ्याच ओळखीने येते, नाव नाही. नवऱ्याचं नाव, घोड्यांची संख्या, कियारिनीचा अहंकार, सगळ्याला जागा मिळते. मला छत्र्यांविषयी आदर आहे, माहेरचा माणूस आहे तो. पण ती पहिली रात्र मी डोळ्यांपुढे आणते तेव्हा मला घोडा दिसत नाही.

बंगालमध्ये थोड्याच वर्षांत प्रियनाथ बोसांच्या ग्रेट बेंगॉल सर्कशीत सुशीलासुंदरी वाघाच्या पिंजऱ्यात शिरत होती. तिचं नाव तरी राहिलं. वाघाच्या शेजारी उभं राहिलं की नाव राहतं, असा काही नियम असावा.

इकडे खेळ सुरू झाला होता. पहिला तासभर मी सोडून देते. रंगीत दिव्यांतला नाच, हूला हूप, पायावर मटकी फिरवणारी मुलगी, आफ्रिकी पोरांचे मनोरे. ते मनोरे मात्र झकास. पोरं एकमेकांच्या खांद्यांवर पळत चढत होती आणि खालचा माणूस हसत होता, याला काय म्हणावं! जोकरांनी तेच केलं जे ते पन्नास वर्षं करताहेत, आणि लोक तिथेच हसले. लोखंडी जाळीच्या गोळ्यात मोटारसायकली फिरल्या. यांनी कान झाकून घेतले. बँड नव्हता, ध्वनिमुद्रित संगीत होतं, आणि ही उणीव मला वाघांपेक्षा जास्त जाणवली. खरा बँड माणसाकडे बघून वाजतो. तोल चुकला तर एक ठेका लांबवतो. पेनड्राइव्हला कुणाचा तोल दिसत नाही.

वाघांचा विषय यांनी मध्यंतरात पुन्हा काढला, म्हणून तो इथेच संपवते. केंद्र सरकारने १४ ऑक्टोबर १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ बंद केले. सर्कसवाले केरळच्या उच्च न्यायालयात गेले, हरले, दिल्लीला गेले आणि १ मे २००१ ला सर्वोच्च न्यायालयातही हरले. मग प्रश्न आला की पिंजऱ्यात जन्मलेल्या, जंगल कधी न पाहिलेल्या या जनावरांना ठेवायचं कुठे? देशात ठिकठिकाणी बचाव केंद्रं काढली, त्यांतलं एक भोपाळच्या वनविहारात. आमच्या घरापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर, मोठ्या तलावाच्या काठाला. सर्कशीतले सिंह-वाघ तिथे म्हातारे व्हायला आले. सर्कशीतले सिंह बहुधा आशियाई आणि आफ्रिकी रक्ताची सरमिसळ, त्यामुळे त्यांची पैदास करायची नाही असं धोरण. नाचणारी अस्वलंही वनविहारातच, कलंदरांकडून सोडवलेली. आम्ही मुलांना घेऊन तिथे पुष्कळदा गेलोय. मुलांना वाटायचं, हे जंगलातले वाघ. कुणी दुरुस्त केलं नाही.

"म्हणजे मी नागपूरला बघितलेल्या वाघांचे भाऊबंद वनविहारात आणि मी इथे," हे म्हणाले.

"त्यांची पेन्शन सुरू झाली. तुमचीही होईल."

ही थट्टा सोडा. बंदी आली तेव्हा सर्कशी बुडणार असं सगळे म्हणाले आणि पुष्कळ बुडाल्याही. पण सगळा दोष बंदीवर टाकणं मला पटत नाही. दूरदर्शन घरोघर आलं, मैदानांचं भाडं वाढलं, शहरातली मैदानंच इमारतींनी खाल्ली. मग २०२० ची टाळेबंदी. पुण्याच्या रॅम्बो सर्कशीचा मुक्काम तेव्हा नवी मुंबईत ऐरोलीला होता, तिथेच माणसं अडकली. त्यांनी त्याच वर्षी पडद्यावरून तिकीट लावून खेळ दाखवला. बघणारे घरात, उड्या मारणारे रिकाम्या तंबूत. कल्पना करवत नाही. टाळी ऐकू न येता कोलांटी मारायची म्हणजे काय, हे सांगायला झुल्यावरचाच माणूस हवा.

दुसरा धक्का मुलांचा. याची गोष्ट भोपाळच्या आणखी जवळची आहे. इथून साठेक किलोमीटरवर विदिशा. तिथल्या कैलाश सत्यार्थींनी १९८० च्या दशकापासून मुलांना कामांतून सोडवायचं काम उभं केलं, २०१४ ला त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. २००४ च्या जूनमध्ये उत्तर प्रदेशात गोंडा जिल्ह्यात एका सर्कशीतून नेपाळी मुली सोडवायला ते गेले तेव्हा त्यांना जबर मारहाण झाली. नेपाळच्या गरीब गावांतून दलाल कोवळ्या मुली आणायचे, करारावर अंगठा घ्यायचे, आणि मुलगी दहा वर्षांसाठी तंबूच्या मागच्या वस्तीत बंद. सत्यार्थींच्या 'बचपन बचाओ आंदोलन'च्या याचिकेवर १८ एप्रिल २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदीचा आदेश दिला.

यावर जुन्या सर्कसवाल्यांचं म्हणणं असतं की शरीर लहानपणीच वळतं, विशीत आलेल्या मुलीला कसं वाकवणार? शरीराबद्दल ते बरोबर आहे. पण उज्जैनला मल्लखांबावर सहा-सात वर्षांची पोरं रोज चढतात आणि कुणी खटला भरत नाही. पेशव्यांच्या पदरच्या बाळंभट्टदादा देवधरांनी वर आणलेला हा आपला खांब मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये राज्यक्रीडा म्हणून जाहीर केला. फरक वयाचा नाही. मल्लखांबाचं पोर संध्याकाळी घरी जातं, आईच्या हातचं खातं, सकाळी शाळेत जातं. त्या मुलींना घरी जायची वाट नव्हती. केरळ सरकारने २०१० साली थलश्शेरीला सर्कशीचं सरकारी विद्यालय काढलं होतं. राहणं, शाळा, सराव, सगळं एका छपराखाली. काही वर्षांतच ते बंद पडलं. सर्कशीला शिकलेला माणूस हवा असतो आणि शिकलेल्या माणसाच्या आईबापांना सर्कस नको असते.

थलश्शेरीचं नाव आलंच आहे तर मराठी माणसाला थोडं बोचेल ते सांगून टाकते. १८८० च्या दशकाच्या अखेरीस छत्र्यांची सर्कस मलबारात गेली. तिथे कीलेरी कुन्हिकण्णन नावाचे कळरी आणि व्यायाम शिकवणारे गुरुजी होते. छत्र्यांना कसलेली शरीरं हवी होती, गुरुजींच्या शिष्यांना पोट भरायचं साधन. दोघांचं जमलं. १९०१ मध्ये गुरुजींनी चिरक्करा इथे सर्कशीची शाळाच काढली, आणि पुढचं शतक भारतीय सर्कस मल्याळी झाली. जेमिनी, जंबो, सगळे मालक त्याच पट्ट्यातले. जेमिनीचे एम. व्ही. शंकरन २०२३ ला गेले, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी. आपल्याकडे म्हैसाळचे देवल होते, कार्लेकर होते, पुण्याचे शेलार होते. ग्रेट बॉम्बे सर्कस १९२० मध्ये बाबूराव कदमांनी काढली, ग्रेट रॉयल नारायणराव वालावलकरांनी मोठी केली. आता ही मालकांची नावं जुन्या जाहिरातींत. शेलारांच्या तंबूत वाढलेला त्यांचा भाचा दामू धोत्रे, पुण्यात १९०२ मध्ये जन्मलेला, १९४० मध्ये अमेरिकेत रिंगलिंग ब्रदर्सच्या रिंगणात वाघ-सिंहांना खेळवत होता. आमच्या पिढीतल्या कित्येकांनी धोत्र्यांचं आत्मचरित्र रात्री पांघरुणात वाचलंय.

आणि ग्वाल्हेरचं ऋण छत्र्यांनी कसं फेडलं? गुरू हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ, ज्यांना भूगंधर्व म्हणत, अफूच्या नादाने रस्त्यावर आले होते. छत्र्यांनी त्यांना शोधून काढलं आणि सर्कशीबरोबर ठेवलं. तंबूत घोडे, झुले आणि भूगंधर्व! सर्कशीच्या मुक्कामी त्यांची बैठक होई. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँच्या गाण्यावर रहिमत खाँची सावली पडली ती या भ्रमंतीतूनच. रहिमत खाँचे अखेरचे दिवस कुरुंदवाडला गेले. किराणा घराण्याच्या चाहत्यांनी तंबूचे थोडे आभार मानायला हरकत नाही.

झुला नेहमी शेवटी. जाळी ताणायला माणसं धावली, दिवे मंद झाले, आणि पहिल्यांदा लोकांनी फोन खाली ठेवले. दोरीच्या शिडीवरून एकेक जण वर गेला. तिघं, एक जोकर आणि निळ्या पोशाखातली एक बाई, तिशीची असेल. समोरच्या दांडीवर झेलणारा गुडघ्यांत दांडी अडकवून उलटा झाला. हातांना पांढरी पूड. माइकवरच्या माणसाने नावं सांगितली नाहीत, 'हवाई झुल्याचे कलाकार' म्हणाला.

यांचं घड्याळ कधी बाहेर आलं ते मला कळलंच नाही. हे हेलकावे मोजत होते. लंबकाचा नियम शाळेत सगळेच शिकतात, पण माणूस टांगून कुणी दाखवत नाही. दांडीची दोरी आणि खाली लोंबणाऱ्या शरीराचा मध्य धरून पाचेक मीटर लांबी झाली, तर एक पुरा हेलकावा साडेचार सेकंदांचा. माणूस चाळीस किलोचा असो की ऐंशीचा, काळ तोच. झेलणारा उलटा लटकलेला, त्याच्या शरीराचा मध्य दांडीच्या जवळ, म्हणून त्याचा हेलकावा वेगळा. त्या दोन काळांचा मेळ घालायचा. दोघंही आपापल्या टोकाला पोचतात तिथे पळभर वेग शून्य असतो. झेलायचं ते त्या पळात. अलीकडे किंवा पलीकडे गेलं की वेग आहे, आणि वेग असला की खांदा उखडतो.

"म्हणजे ती उडत नाही," हे माझ्या कानाशी म्हणाले, "ती थांबते."

झुल्यावर उडणाऱ्याने पकडायचं नसतं. हात पुढे करून थांबायचं. पकडतो तो झेलणारा, तळव्याला नव्हे, मनगटाला, मग उडणाराही त्याचं मनगट धरतो, म्हणजे एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची राहते. उडणाऱ्याने घाबरून झडप घातली तर दोघांची बोटं एकमेकांत अडकून मोडतात. पॅरिसमध्ये १२ नोव्हेंबर १८५९ ला ज्यूल लेओतार पहिल्यांदा असा झुल्यावरून झुल्यावर गेला तेव्हा झेलणारं कुणी नव्हतं, रिकाम्या दांड्या होत्या. झेलणारा माणूस नंतरची भर. १९८२ मध्ये अमेरिकेत मिगेल व्हास्केझने हवेत चार कोलांट्या घेतल्या. त्याला झेलणारा त्याचा भाऊ हुआन. चार कोलांट्या घेणाऱ्याचं नाव लोकांना माहीत असतं, झेलणाऱ्याचं विचारावं लागतं.

यातून संसाराचं रूपक काढणं फार सोपं आहे, दिवाळी अंकात शोभेलही. पण संसाराच्या खाली जाळी नसते, तेव्हा ते राहू दे. आणि जाळी म्हणजे गादी नव्हे. तिच्यावर पाठीवरच पडावं लागतं. पाय किंवा मान आधी लागली तर जाळी माणसाला उलट फेकते. पडायलाही शिकावं लागतं, तेच आधी शिकवतात.

झुल्यावरच्या जोडप्यांत जगाला आठवतात ती लिलियन लाइट्झेल आणि आल्फ्रेडो कोडोना. ती कड्यांवर एका हाताने लटकून खांद्यातून शरीर गरागरा फिरवायची, तो तीन कोलांट्यांचा बादशहा. १९२८ मध्ये लग्न केलं. १३ फेब्रुवारी १९३१ ला कोपनहेगनमध्ये तिच्या दोरीचा फिरता आकडा तुटला. खाली जाळी नव्हती. कोडोना बर्लिनहून धावत आला. मी बरी आहे, तुझा खेळ बुडवू नकोस, असं सांगून तिने त्याला परत पाठवलं, आणि १५ तारखेला ती गेली. कोडोनाचं पुढे जे झालं ते इतकं वाईट आहे की इथे सांगत नाही.

निळ्या पोशाखातल्या बाईने दोन कोलांट्या घेतल्या आणि झेलणाऱ्याच्या हातांत आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परतीच्या हेलकाव्यात तिने अर्धी गिरकी घेऊन आपली दांडी धरायची होती. ती निसटली. बाई पाठीवर जाळीत पडली, उसळली, कडेने उतरली आणि शिडीकडे गेली, तर आमच्या पुढची नवी नवरी उभी राहून ओरडली, "बस, बहुत हो गया!" बाई पुन्हा चढली. दुसऱ्यांदा साधलं. मग जोकराची पँट हवेत निघायची ती निघाली आणि तंबू हसला. तो जोकर म्हणजे त्यांच्यातला सगळ्यात कसलेला उडणारा. हातपाय वाकडे टाकत, ओरडत, अगदी वेळेवर पोचत होता. मुद्दाम गबाळं दिसायला किती काटेकोरपणा लागतो, हे कथ्थकच्या कुठल्याही गुरूला विचारा.

खेळानंतर मागच्या बाजूला गेलो. तंबूंच्या रांगा, दोरीवर वाळत घातलेले कपडे, गॅसवर कुकर. ती बाई आणि झेलणारा नवरा-बायको निघाले. कंपनीतच भेट, कंपनीतच लग्न, तसंच होतं इथे बहुधा. मी तिला नाव विचारलं. तिने सांगितलं आणि लगेच म्हणाली की छापू नका. माहेरी ती कंपनीत नोकरीला आहे एवढंच माहीत आहे. ते खोटंही नाही, सर्कसवाले सर्कशीला कंपनीच म्हणतात. तिचा नवरा बाजूला बसून मनगटांवरच्या पट्ट्या सोडत होता. यांनी त्याला हेलकाव्याचा काळ सांगितला, साडेचार सेकंद. त्याने ऐकून घेतलं. सेकंद त्याने कधी मोजले नव्हते, तो तिच्या पायांकडे बघून सांगतो की आता सोड. मग दोघांचं दोऱ्यांबद्दल बोलणं सुरू झालं, ताण किती, खुंटे किती खोल, काळ्या मातीत ते कसे हलतात. भोपाळची माती काळी. धरणं बांधणाऱ्याला आणि तंबू ठोकणाऱ्याला तिचा त्रास सारखाच. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि ती उठली.

परतताना दहा नंबरच्या बाजारात थांबून कुल्फी खाल्ली. शेजारच्या बंगल्यातल्या बाई दिसल्या, दोघंच आहोत बघून कुणाचं रिसेप्शन होतं म्हणून विचारलं.

दुसऱ्या दिवशी नागपूरहून नणंदेचा फोन आला. कंपनीचा एक मुक्काम तिकडेही आहे असं तिकिटाच्या खिडकीवर कळलं होतं, ते तिला सांगितलं. तिने पहिलं काय विचारावं? "वाघ आहेत का गं, वैनी?"

नाहीत, म्हटलं. सोफ्याची तिकिटं काढू नका, समोरून फक्त पाठमोरी माणसं दिसतात. बाजूच्या खुर्च्या घ्या, दोन्ही दांड्या एकदम दिसतील अशा. आणि भावजींना सांग, घड्याळ घालून या.